हरकत क्रमांक एकशे चौदा

दि. ४ जून

चि. पेन्सिलीस,
अ. उ. आ.

मी ठणठणीत आहे, गुडघा सोडून. गुडघ्याने आता वेगळी चूल मांडली आहे, त्याची खुशाली स्वतंत्र विचारत जा. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुला रागवायला घेतलं की तुला लगेच आवाज येईनासा होतो. पत्राला ती पळवाट नाही.

परवा वाचनालयाच्या भिंतीवर नगरपालिकेने सायकल मार्गाचा नकाशा लावला. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक हिरवी रेघ, आणि ती रेघ थेट माझ्या इमारतीच्या दारावरून जाते. लोकांची मतं मागवली आहेत. मी चष्मा पुसून नकाशा इंच इंच वाचला, तर उजव्या कोपऱ्यात खाली तुझी सही. जिला लाडाने पेन्सिल म्हणते ती सख्खी भाची! दार माझं, रेघ तिची, आणि मला कळतं भिंतीवरून.

रविवारी गच्चीवर सभा झाली. आमच्या सेक्रेटरींच्या दोन गाड्या कायम रस्त्यावर झोपतात, त्यामुळे त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. आजकाल सायकल चालवतो कोण, असं ते विचारत होते. औषधवाल्याला गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार याचा घोर. तिघे एका वेळी बोलत होते आणि ऐकायला कोणीच नव्हतं. शेवटी ठरलं, की सगळ्यांची मतं मी लिहून घ्यावीत. कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखिका होते ना मी. साक्षीदार बोलला तेवढंच लिहायचं, वर मीठ-मसाला नाही. तीन दिवस दार उघडं ठेवून बसले. एकेक जण आला, बोलला, मी टाइप करून वाचून दाखवलं, सही घेतली. अठ्ठावीस जण झाले. सव्वीस विरुद्ध, त्यात मीही. दोन बाजूने: कोपऱ्यावरचे घड्याळजी, आणि आमच्या तळमजल्यावर मागच्या खोलीत राहतात त्या सफाईवाल्या बाई. सकाळपासून सायकलवरून चार ऑफिसं झाडून येतात.

आता माझी हरकत ऐक. चार वर्षांपूर्वी बसथांबा वाचनालयापासून हलवून आमच्या दारासमोर आणला. तुझ्या नकाशात तो अजून वाचनालयापाशीच उभा आहे. म्हणजे बसचं दार उघडणार ते नेमकं तुझ्या हिरव्या रेघेवर. मी एक पाय खाली ठेवणार, दुसरा गुडघ्याची परवानगी काढून, आणि तेवढ्यात सायकलस्वार येऊन मला थेट वर पाठवणार. तुमच्या कचेरीत कोणी जागेवर जाऊन बघतं की नाही? आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनी असा गृहपाठ पाहिला असता तर वही खिडकीबाहेर टाकली असती.

आणखी एक. ती दोन बाजूची निवेदनं गठ्ठ्यातून काढून टाका, असं सेक्रेटरी मला हळूच सुचवून गेले. मी त्यांना म्हटलं, कोर्टात मी आरोपीचं म्हणणंसुद्धा तेवढ्याच शाईने लिहीत होते. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की छताकडे बघतात.

जेवणाची आबाळ करू नकोस. राग आहे, पण माया त्याहून जुनी आहे, हे लक्षात असू दे.

तुझी आत्या


दि. ११ जून

ती. स्व. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. गुडघ्यालाही माझा नमस्कार सांग.

गठ्ठा पोचला. तुझ्या हरकतीला एकशे चौदा क्रमांक मिळाला आहे. आतापर्यंत दोनशेच्या आसपास हरकती आल्यात. बऱ्याचशा एकाच साच्यातल्या, काहींत नुसत्या शिव्या. डोळ्यांपुढे रस्ता उभा राहावा अशी तुझी एकच होती.

तू विचारलंस, कोणी जागेवर जातं की नाही. जातो, आत्या. नऊ किलोमीटरचा मार्ग मी पायी चालले, वही घेऊन, प्रत्येक खांब लिहून घेत. फक्त एक रस्ता सोडला. तुझा. दर सुट्टीत तिथे राहिलेली मी, वाचनालयापाशी उतरून तुझ्या दारापर्यंत धावत सुटायची. तो रस्ता मला पाठ आहे असं धरून चालले आणि टेबलावर बसून आठवणीतून काढला. गेली पाच वर्षं मी तुझ्याकडे आलेच नाही, हे त्या नकाशात चारचौघांना दिसतंय.

दोन जुलैला तुमच्याकडे सुनावणी आहे. छपाईची चूक म्हणून वेळ मारून न्या, असं साहेबांचं मत आहे. चूक माझी आहे असं मी उभं राहून सांगितलं, तर सगळ्या नकाशावरचाच विश्वास उडेल आणि मार्ग बाहेरच्या वळणरस्त्याने न्यावा लागेल, असं ते म्हणतात. तिकडे वस्ती नाही, म्हणून हरकती नाहीत. सायकलीही नाहीत. दोन वर्षांचं काम आहे हे, आणि माझं पहिलंच. काय बोलायचं ते अजून ठरत नाही.

सुनावणीपर्यंत मी तुझ्याकडे उतरणार नाही. तू हरकतदार, मी नगरपालिकेची. बरं दिसणार नाही. रागावू नकोस.

बाबा मजेत आहेत. जशी आहे तशी तुझीच आहे, एवढं मनात राहू दे.

तुझी पेन्सिल


दि. १६ जून

चि. पेन्सिलीस,
अ. उ. आ.

रागावले. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि राग थोडा खाली बसला. माझ्याकडे उतरणार नाहीस हे योग्यच आहे. हे मला आधी सुचायला हवं होतं.

काय बोलावंस ते मी सांगणार नाही. मी हरकतदार आहे. इतकंच सांगते, की कोर्टात मी शेकडो सबबी लिहून घेतल्या आणि सगळ्यांचे शब्द जवळजवळ सारखे असायचे. कबुल्या मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या.

काल एक गंमत झाली. सफाईवाल्या बाई सायकल आत घेत होत्या, तेव्हा मी त्यांना धरलं आणि विचारलं, की तुमच्या मार्गापायी मी बसमधून उतरताना मेले तर चालेल का. त्या हसल्याच नाहीत. सायकल भिंतीला लावून मला बाहेर घेऊन गेल्या. थांब्याच्या मागे, आमच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत, किती जागा आहे बघा म्हणाल्या. शिवणाची टेप आणली. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, असं दोनदा लावून मोजलं. भर दुपारी आम्ही दोघी बायका रस्ता मोजतोय आणि सेक्रेटरी गॅलरीतून बघताहेत. तीन मीटरला चार बोटं कमी. बाई म्हणाल्या, बसला थांबा हवा, सायकलला वाट हवी, तर भांडण कशाला. थांब्याच्या मागून जाऊ द्या की. इतकी वर्षं वकिलांचं ऐकलं, इतकं थोडक्यात कोणी बोललं नव्हतं.

हे मी त्यांच्या निवेदनाला जोडलं, वाचून दाखवलं, सही घेतली आणि नगरपालिकेत देऊन आले. सुनावणीला त्यांना येता येणार नाही, त्या वेळी त्या कामावर असतात. सायकल चालवणाऱ्यांचं मत घ्यायचं आणि वेळ ठेवायची सकाळी दहाची. धन्य तुमची कचेरी.

माझी हरकत मी मागे घेतलेली नाही. घेणारही नाही.

जिवाला जप, बाकी जग मी बघून घेते.

तुझी आत्या


दि. ३० जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. मुलगी सुनावणीबद्दल चकार शब्द काढत नाही म्हणतोस. नाहीच काढणार. बापावर गेली आहे. तुझा पहिला नंबर आला तेव्हाही आम्हाला शेजाऱ्यांकडून कळला होता.

सभागृह खच्चून भरलं होतं. ती उभी राहिली, आणि मला ओळख न देता सगळ्यांना नमस्कार केला. साहेबांनी छपाईचा विषय सुरू केला होता, तो तिने हात वर करून थांबवला. म्हणाली, की छपाईची चूक नाही, माझी आहे. हा एकच रस्ता मी न बघता आठवणीतून काढला, आणि त्यामुळे बसथांबा चुकला. बस. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही, सबब सांगितली नाही. एकतीस वर्षांत इतकी स्वच्छ जबानी मी लिहून घेतली नव्हती, आणि त्या दिवशी नेमकं हातात पेन्सिल नव्हती.

सेक्रेटरींनी ते वाक्य झेललंच. एक चूक निघाली, मग शंभर असतील, रद्द करा म्हणाले. टाळ्या पडल्या. मग एकशे चौदा क्रमांक पुकारला. मी उठले. गुडघाही उठला. हरकत मागे घेता का, असं अध्यक्षांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. माझी हरकत थांब्याच्या जागेला आहे, सायकलला नाही. ज्या बाई आत्ता कुठल्यातरी ऑफिसची फरशी पुसत असल्यामुळे इथे नाहीत, त्यांचं निवेदन तुमच्या गठ्ठ्यात आहे. ते वाचायची परवानगी द्या. मिळाली. त्या बोलल्या होत्या तसं, शब्दाला शब्द वाचलं. थांब्याच्या मागून, हे ऐकून अध्यक्ष पुढे वाकले. अध्यक्षांनी मापं विचारली. मी सांगितली. ती खरी आहेत का, असं त्यांनी तुझ्या लेकीला विचारलं. तिने काय उत्तर द्यावं? म्हणाली, की मी स्वतः मोजल्याशिवाय हो म्हणणार नाही. माझी मापं, धाकट्या! मला इतकं अपमानित आणि इतकं सुखी एकाच क्षणी कधी वाटलं नव्हतं.

मार्ग राहिला. अट एकच, सगळ्या नऊ किलोमीटरची पाहणी नव्याने व्हायची, आणि नव्या नकाशावर सही साहेबांची. तिची नाही. घड्याळजींनी मला विचारलं, की मग पोरीला मिळालं काय. मी त्यांच्यावरच चिडले.

आज सकाळी सातला गॅलरीत गेले, तर ती खाली रस्त्यावर. वही, टेप, डोक्याला रुमाल. थांब्यापासून भिंतीपर्यंत तिने मोजलं, लिहिलं, परत मोजलं. खात्री पटली नाही म्हणून तिसऱ्यांदा. सफाईवाल्या बाई निघाल्या होत्या, त्यांना थांबवून टेपचं दुसरं टोक धरायला दिलं, आणि काहीतरी विचारून तेही लिहून घेतलं. वर एकदाही बघितलं नाही. तोंड धुवायला, चहाला, नुसतं दोन मिनिटं बसायला म्हणून माझ्या तोंडाशी हाक आली होती.

मारली नाही; पाहणी संपेपर्यंत मी हरकतदारच. कठड्याला धरून उभी राहिले, आणि ती पुढच्या वळणाला जाईपर्यंत बघत होते.

तब्येत सांभाळ, आणि या बहिणीला अधूनमधून आठवत राहा.

तुझी ताई