दारफळणीला येताना

पप्पा, मी घर बदललं. सव्वा वर्ष होऊन गेलं आणि तुम्हाला सांगायचं राहिलं. तळ्यामागची आपली इमारत पाडली. तिथे आता निळ्या पत्र्यांच्या आड एक खड्डा आहे आणि पावसात त्यात पाणी साचून बेडूक ओरडतात. मी आपटा गावात राहते. पनवेल स्टँडवरून जी गाडी सुटताना तुम्ही माइकवर गावाच्या नावातला शेवटचा 'आ' जरा लांबवायचात, त्याच गाडीने मी रोज घरी जाते. सकाळी येते, लॅबमध्ये दिवसभर लोकांना 'उपाशीपोटी आलात ना?' विचारत रक्त काढते, आणि संध्याकाळी परत जाते. घर बैठं आहे, दोन खोल्यांचं. पुढे ओटी, मागे परसात केळी, आणि केळींच्या पलीकडे उतरण संपली की पाताळगंगा. दिवसा ती दिसते. दिवे लागले की फक्त ऐकू येते.

तुम्ही स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत बसून आयुष्यभर लोकांना कुठली गाडी कुठे लागली ते सांगितलंत. शाळा सुटली की मी तिथेच तुमच्या टेबलाखाली दप्तर टाकून बसायची. आईच्या मागे मला दुपारी घरी एकटं ठेवायला तुम्हाला धीर होत नसे. तुम्ही एकेका गावाचं नाव असं घ्यायचात, जणू तिथे आपला कुणी सोयरा आहे आणि त्याला वाईट वाटता कामा नये. एकदा एक म्हातारी खिडकीशी आली, 'आपट्याची गाडी कुठं रं लागते?' तुम्ही फोनवर होतात, म्हणून मी ऐटीत बोट दाखवलं, 'ती काय, तिकडे.' म्हातारी भलत्याच गाडीत चढायला निघाली. तुम्ही फोन ठेवला, बाहेर गेलात, तिचं गाठोडं उचललंत आणि तिला गाडीपर्यंत सोडून आलात. मला ओरडला नाहीत. टॉवेलने मान पुसत एवढंच म्हणालात, "पोरी, ज्याला रस्ता माहीत नाही त्याला बोटाने दाखवायचा नसतो. सोबत जायचं असतं." मग मला बाहेरच्या टपरीवरचा वडा घेऊन दिलात.

आणि दारफळणी आठवते. आपल्या यहुदी समाजातले बाकीचे लोक तिला आता योम किप्पूर म्हणतात, प्रार्थनेला जातात, रात्री घरी येतात. तुम्ही मात्र तुमच्या आजीचा शब्द धरून बसला होतात, दारं बंद करायचा सण. सूर्य कलायच्या आत जेवण, मग आंघोळ, पांढरे कपडे. तुम्ही एकेक खिडकी लावत जायचात, शेवटी मुख्य दार. मग दुसऱ्या दिवशी आकाशात तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, परक्या माणसाशी बोलणं नाही. खालचे काका त्या दिवशी रेडिओ बारीक ठेवायचे आणि दूधवाला कडीला पिशवी अडकवून न हाक मारता जायचा. सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. त्या रात्री आपली गेलेली माणसं घरी येतात, दिवसभर आपल्यात राहतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, असं तुम्ही सांगायचात. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. मी विचारलं, "दार बंद केलं तर आई येणार कशी?" तुम्ही दाराची कडी घातलीत. मग म्हणालात, "ज्याला घर माहीत असतं त्याला दार लागत नाही."

हेच वाक्य, पप्पा. हे मला झोपू देत नाही.

तुम्ही गेल्याला वीस वर्षं होत आली. इतकी वर्षं तुम्ही दर दारफळणीला आलात, याबद्दल मला शंका नाही. पुरावा काय असणार? तुमच्या खुर्चीचा वेत त्या दिवशी जरा जास्त कुरकुरायचा. स्वयंपाकघरात गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा वास यायचा, मी हलवा केलेला नसताना. आई गेल्यावर तो हलवा तुम्हीच करायचात, बनियनवर, खांद्याला टॉवेल टाकून, नारळाचं दूध घालून घोटत. हात दुखला की कालथा माझ्याकडे. हलवा दरवर्षी बुडाला लागायचा, आणि तुम्ही दरवर्षी म्हणायचात, "खरपूस झालाय." मला येणारा वासही तसाच, किंचित करपलेला. शिळ्या सणाच्या सकाळी मी दार उघडायची आणि तुम्ही आईला म्हणायचात तेच रिकाम्या खोलीला म्हणायची, "या आता. सांभाळून जा."

आपट्याच्या घरात तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाहीत. आयुष्यभर त्या गावाची गाडी पुकारलीत, पण स्वतः कधी त्या गाडीत बसला नाहीत. मग यायचं कसं?

गेल्या वर्षी दारफळणी नेमकी दसऱ्याला आली. मावसबहीण म्हणाली होती, त्या दिवशी वाहनात बसता येत नाही, तर आदल्या दिवशीच माझ्याकडे ये, इथून प्रार्थनेला चालत जाऊ. मी नाही म्हटलं. तुम्ही शोधत शोधत आलात आणि घरात कुणीच नसलं तर? म्हणून संध्याकाळी जेवून घेतलं, पांढरी साडी नेसले, चामड्याच्या चपला घालायच्या नसतात म्हणून ओटीवर भिरकावल्या, आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. गावात आपला सण कुणाला माहीत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि दसऱ्याला सारं गाव आपट्याची पानं घेऊन घरोघर सोनं द्यायला फिरतं, हे लक्षात असूनही त्याचा माझ्या दाराशी संबंध आहे असं वाटलं नव्हतं. नवीन आलेल्या बाईचं घर कोण कसं चुकवेल?

सकाळपासून दार वाजायला लागलं. आधी पोरं आली. "बाई, सोनं घ्या." मी आत भिंतीला टेकून बसलेली. बोलायचं नाही. "झोपली असंल," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "सनाला कोन झोपतंय? शिष्ट हाय." मग मोठी माणसं. कुणीतरी खोकलं, चार पावलं मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. वर्षाच्या सणाला तोंडावर बंद दार. मला कळत होतं की हे गाव माझ्या हातून सुटतंय. ज्या माणसांमध्ये मला म्हातारं व्हायचं आहे ती एकेक करून ओटीवरून उतरून जात होती. उठून कडी काढणं किती सोपं होतं. पण तुम्ही वाटेत असलात तर? घर आधीच अनोळखी, त्यात सणही मोडलेला.

मग दार वाजायचं थांबलं. ओटीवर कुणीतरी बसल्याचं जाणवलं. कुणी येताना दिसलं की बाहेर हलक्या आवाजात काही बोलणं व्हायचं आणि पावलं परत फिरायची. बराच वेळ असं चाललं. मग तेही थांबलं. दुपार कलली. पोटात काही नाही, जीभ कोरडी पडलेली, खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ भिंतीवर चढत चाललेली. आणि ओटीवर कुणीतरी परत बसलं. या वेळी बसताना श्वास सोडला, 'हुश्श' नव्हे, त्याच्या अलीकडचा, ड्युटी संपवून आल्यावर तुम्ही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सोडायचात तसा. मी दाराला कान लावला. आमच्यामध्ये एक फळी होती, पप्पा, आणि मी ती उघडली नाही, कारण तुम्हीच तसं शिकवलं होतं. ज्याला घर माहीत असतं त्याला दार लागत नाही. पण ज्याला माहीत नसतं, तो ओटीवर बसून राहतो का?

अंधार पडला, तारे आले. मी पाणी प्यायच्या आधीच मागचं दार धडाधड वाजलं. शेजारच्या काकी. मोठ्या आवाजाची, भात आणि केळी लावणारी बाई, माझ्या या घराची मूळ मालकीणही तीच.

"अगं ये बाय, जिवंत हाय का नाय? सांग तरी. नायतर आमी दार तोडतू."

मी कडी काढली. काकींनी मला पांढऱ्या साडीत पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "कोन गेलं गो?"

"कुणी नाही काकी. आमचा सण आहे."

"सन? दिसभर दार लावून, उपाशी, पांढरं नेसून? असला कसला सन गो तुमचा?" मग मी सांगितलं. तांब्याभर पाणी पिऊन झाल्यावर, थांबत थांबत. काकी उंबऱ्यावर बसून ऐकत राहिल्या. मधे एकदा म्हणाल्या, "म्हंजे आमची सर्वपित्री. आमी कावल्याला हाका मारतू, तुमी दार लावता. येनार ते येनारच." मग मला त्यांनी गालावर एक हलकी चापट मारली. "आधी सांगाया काय झालता? सकाल धरनं तुज्या दारात बसली मी. येल त्याला सांगितला, बाई आजारी हाय, सोनं मज्याकडं द्या. लोक काय बोलतील आपल्या बाईला?" पदराच्या गाठीतून त्यांनी ती पानं काढली, सगळ्या गावाची, चुरगळलेली, आणि माझ्या ओंजळीत ओतली.

म्हणजे त्या होत्या, मी मनात म्हटलं. मला हसू आलं आणि रडूही. मग सहज बोलल्यासारखं विचारलं, "काकी, दुपारभर तिथेच होतात?"

"दुपारी कुठली? जेवनाला सुनेचा भाऊ आला, भात टाकायला घरी गेले ती आता येते."

मी कंदिलासारखा मोबाईल धरून पुढच्या ओटीवर गेले. तिथे कुणी नव्हतं. माझ्या चपला भिंतीशी जोडीने लावलेल्या होत्या, टाचा घराकडे आणि तोंड रस्त्याकडे. आपल्याकडे पाहुणे आले की तुम्ही त्यांच्या चपला अशाच लावायचात. "गाडी नेहमी तोंड बाहेर करून उभी करावी," म्हणायचात, "निघणाऱ्याची सोय होते."

या वर्षी दारफळणी गणपतीत येते आहे. काकींनी आत्तापासून ढोलवाल्या पोरांना दम दिलाय, "बाईच्या दारावरनं गुमान जायचा. तिचं पाव्हनं येनार हायत." गावाने मला ठेवून घेतलं, पप्पा. मावसभाऊ इस्राएलहून अजूनही फोनवर विचारतो, तिथे एकटी काय करतेस, इकडे ये. मी त्याला सांगते की इथे बिघडलेलं काही नाही, कामावर जायला गाडी आहे, नदी आहे. इमारत पाडताना बिल्डर त्याच गल्लीत भाड्याचं घर देत होता, हे मी त्याला सांगितलेलं नाही. मला तिथे राहता आलं असतं. दोन वळणं पलीकडे तुम्ही मला सहज शोधलं असतंत. पण वीस वर्षं मी तुमची खुर्ची हलवली नव्हती. मला एक घर हवं होतं जिथे कुठलीही वस्तू कुरकुरली तर ती फक्त वस्तू असेल. दाराच्या चौकटीवरची मेझुझाची डबी मी स्क्रू काढून घेतली, आतल्या वचनांच्या कागदासकट रुमालात गुंडाळली आणि रिकाम्या खोलीला एक शब्दही न बोलता जिना उतरले. पत्ता सांगितला नाही. तो मुद्दामच सांगितला नव्हता.

तर आता सांगते, आणि बोटाने दाखवत नाही. दारफळणीच्या आदल्या दुपारी मी लॅबमधून लवकर सुटेन. आधी त्या निळ्या पत्र्यांपाशी येईन, तिथे थोडा वेळ उभी राहीन, मग आपण स्टँडवर जाऊ. माइकवर आता कुणी बाई असतात. घाईत बोलतात, 'आ' लांबवत नाहीत, तरी गाडी कळते. मला अर्धं तिकीट पडतं, बायकांना हल्ली तशी सवलत आहे. तुम्ही पंच्याहत्तरीच्या पुढे गेलात, तुम्हाला फुकट. खिडकीची जागा तुमची. नदी डाव्या हाताला दिसायला लागली की उतरायची तयारी करायची.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, हलव्याच्या कढईखाली ठेवीन. एक गोष्ट मात्र सांगायची आहे. त्या चपला कुणी लावल्या हे मी काकींना अजून विचारलेलं नाही. काकी रोज ओरडतात, चपला उलट्यापालट्या पडल्या की घरात भांडणं लागतात, एकटीच्या घरात कुणाशी भांडणार आहेस गो? मी हसते. घरी आले की त्या ओटीवर मुद्दाम भिरकावते, एक इकडे, एक तिकडे. सकाळी गाडीला निघताना दार उघडते, तेव्हा त्या तशाच पडलेल्या असतात. तरी दार उघडायच्या आधी मी थोडी थांबते.