मोठ्या पेशींची बाई

४ जून, सकाळ
ऐक गं म्हातारे, माझी मीच तुला सांगतेय, कालचं तू विसरली असशीलच. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी तू! म्हणून पुन्हा सांगते. मला अक्षर येत नाही. शेजारच्या खाटेवर टायपिस्टबाई आहेत, पाय प्लास्टरमध्ये. मी बोलते, त्या लिहितात. जन्मभर साहेबांचं डिक्टेशन घेतलंय, माझी शिंकसुद्धा लिहून ठेवतील.
काल माझ्या खोलीत शिलाई मशीनवरून उठताना पडले. दोष मशीनचा. पाय पायडलवर आहे की जमिनीवर, हल्ली कळूच देत नाही. मुलाने उचलून थेट हॉस्पिटलात आणून टाकलं. भाड्याची खोली सोडूनच देतो म्हणतो, एकटी राहायचं नाही. बघतेच! याच आठवड्यात मी माझ्या खोलीवर. ठरलं.

५ जून
रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाली, तांबड्या पेशी कमी आहेत, पण आकाराने मोठ्या. म्हटलं, आमच्या घराण्यात सगळंच ऐसपैस. पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला म्हणे सहा-सहा पाकळ्या. चारचौघांना तीन-चार असतात. टायपिस्टबाईंचं तोंड एवढंसं झालं.
बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन मात्र तळाला. काय खाता, विचारलं. सगळं, म्हटलं. सून मध्येच म्हणाली, चहा आणि टोस्ट, तिन्ही त्रिकाळ. आता एकटीसाठी गॅस कोण पेटवणार? चहापुरता पेटवते, तो काय कमी झाला?

६ जून, दुपार
जीभ तपासली. लालभडक, गुळगुळीत. आग होते. सून म्हणाली, बोलून बोलून झिजली. मग तिची अजून शाबूत कशी, ते आधी तपासा.
कातडी पिवळट दिसते. ट्यूबलाइटमुळे.
मेडिकलवाल्याच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मी वर्षभर घेतल्या, चेहऱ्यावर तेज आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, तिथेच घात झाला. रक्त थोडं सावरलं, दुखणं झाकलं गेलं, आणि आत नसा झिजत राहिल्या. म्हणजे अर्धी बरी मी माझी मीच झाले. कौतुक नाही कुणाला.
खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे लावलेत. पाळण्यातसुद्धा इतकी कोंडली गेले नव्हते.

७ जून
पाय जुळवून उभी केली, डोळे मिटायला लावले. कोसळले, नर्सने झेललं. डोळे मिटून माणूस झोपतो, उभा कशाला राहील?
मग एक लोखंडी चिमटा ठोकून घोट्यावर टेकवला. थरथर लागली की सांगा म्हणे. कसली थरथर? उद्या पुन्हा बघणार. पास झाले तर खोली राहील, मुलाने शब्द दिलाय. टायपिस्टबाईंशी बोलणं झालंय. माझे डोळे मिटलेले असले, तरी चिमटा टेकला की त्या खोकतील.

८ जून
डोळे मिटले. खोकला ऐकू आला. म्हटलं, लागतेय, छान लागतेय, पार गुडघ्यापर्यंत.
चिमटा डॉक्टरीणबाईच्या खिशातच होता. टायपिस्टबाईंना पाणी पिताना ठसका लागला होता. पाणी प्यायला हीच वेळ सापडली बाईला!
मुलगा पायथ्याशी होता. हसला नाही. हसला असता तर मी भांडले तरी असते. टायपिस्टबाई सांगतात, तो बराच वेळ माझे पाय चेपत बसला होता.
मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं, तो निघून गेला.

१० जून
खोली सोडली. मशीन मुलाच्या घरी खिडकीपाशी ठेवणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाली, इंजेक्शनांनी रक्त भरेल, जीभ निवेल. पायांचं काही परत येईल, काही नाही. किती, ते तिलाही सांगता येत नाही.
सूनबाई, एवढं पान टायपिस्टबाई तुला वाचून दाखवतील. मी हरले असं समजू नकोस. पाहुणी म्हणून येतेय, करमलं तर राहीन. उद्या डब्यात दोन उकडलेली अंडी आणि घट्ट दही पाठव. तिखट अजिबात नको. आणि अंडी सोलूनच पाठव गं, बोटांनाही टरफल कळेनासं झालंय.