दोन्हीकडं उभ्या गाड्या

पलूस, १२ फेब्रुवारी १९७४

प्रिय जोतीराम,

मुंबईहून सुखरूप पोचलो, पण डोकं अजून तुझ्या सिग्नलच्या केबिनमध्येच आहे. आपल्याकडं एकच रूळ, ड्रायव्हरच्या हाती परवानगीचा लोखंडी गोळा पडल्याशिवाय गाडी हलत नाही, हे स्टेशनवर चहा विकता विकता मला पाठ झालं. आता खानावळ आहे, तरी घंटा ऐकून कुठली गाडी सुटली ते मी चुलीपासून सांगतो. तुझ्याकडं तर गोळाच नाही! सकाळी एका रुळावरून गाड्या शहराकडं, संध्याकाळी त्याच रुळावरून उलट्या. आधी रूळ रिकामा हवा, मग पलीकडच्या केबिनचा होकार, आणि दिशा फिरली की समोरचे सिग्नल आपोआप लाल. काय अक्कल लढवलीय रं! आल्यापासून मी गिऱ्हाइकांच्या ताटात शेवग्याची शेंग आडवी ठेवून, दोन टोकांना दोन मिरच्या मांडून हेच समजावतोय. शाळेतले आप्पासो मास्तर शेवटी म्हणाले, नाथाजी, आता शेंग खाऊ दे.

काल तुझ्या घरी गेलो होतो. राहीबाई वहिनी खुशाल आहेत. चोवीस तारखेला तुझ्या शालनला बघायला विट्याचे पाहुणे येणार, मद्रासला त्यांचं सोनं गाळायचं दुकान आहे. हे मला कुणी सांगितलं नाही. ओसरीवर चहा पीत होतो, आतलं ऐकू आलं; माझे कान तुला माहीत आहेत. शालन एवढंच म्हणाली, "मद्रास लय लांब हाय, आई." घरी येऊन बातमी सांगितली, तर आमचा सिद्धू भरल्या ताटावरून उठला. कारखान्यात कायम झाला, पण तोंड उघडेल तर शपथ.

ते ताट उचलताना तुझं बोलणं आठवलं. मी विचारलं होतं, दोन्ही केबिननी एकमेकांना विचारलंच नाही तर? तू हसलास. "मग काय गड्या, रूळ मोकळा आन् दोन्हीकडं गाड्या उभ्या."

जोतीराम, दोन वर्षं मी वाट बघतोय, मुलीचा बाप म्हणून तू विषय काढशील. आणि तू गप्प, खानावळवाला नाथाजी आता मोठा झाला, त्याला कसं विचारायचं म्हणून. सिद्धूची आई लीलाबाई म्हणते, "आवं, पोराच्या बापानं कवा मागणं घातलंय? लोकं हसत्याल." हसू देत. तुझी शालन आमच्या सिद्धूला दे. देणंघेणं काही नको. फक्त चोवीसच्या आधी रजा काढून ये आणि पहिल्यांदा तिला विचार. ती हो म्हणाली तर मी पेढे घेऊन येतो. नाही म्हणाली, तर विट्याच्या पाहुण्यांचा स्वयंपाक माझ्याकडं लागला.

वाट बघणारा, तुझाच
नाथाजी