रोमीदादा, मी तुले ओळखत होती

प्रिय रोमीदादा,

काल लिझावहिनीचा फोन आला, तू गेला म्हणून. आठ दिवस झाले म्हणे! तुले मराठी वाचता येत नाही, माहीत आहे मले. पण रडायचं मले दुसऱ्या भाषेत जमतच नाही. म्हणून अमरावतीच्या या खोलीत बसून मराठीतच लिहून राहिली.

आठवते तुले? मूर्तिजापूरची पोरगी मी, फिलिपिन्सले डॉक्टरकी शिकाले आली आणि कॉलेजजवळच्या तुमच्या खानावळीत जेवाले लागली. वहिनी वाढायची आणि तू कोपऱ्यात गिटार घेऊन बसायचा. सप्टेंबरातच नाताळाची गाणी! मले वाटलं, माणूस येडा आहे. मग समजलं, चाल नाताळाची आणि शब्द तुझे.

दारोदार गाणी म्हणायची, घरच्यानं काही दिलं तर आभाराचं कडवं, नाही दिलं तर कंजूषपणाचं, ही तुमच्याकडची रीत. तुम्ही पाच-सहा जण मात्र पुढाऱ्यांच्याच दारात जायचे. मागायचे काय, तर सरकारी दवाखान्यात औषधं! ती काही मिळत नव्हती, म्हणून तुझं कंजूषपणाचं कडवं भलं लांब झालं होतं. लोक हसून हसून रस्त्यावर बसायचे.

तुले मी आमची भुलाबाई सांगतली. पोरी घरोघर गाणी म्हणतात, मग घरची बाई खिरापतीचा बंद डबा हलवते आणि आत काय ते आवाजावरून ओळखायचं. तू लगेच विचारलं, "काहून वं? उघडून का नाही दाखवत?" हे 'काहून वं' मीच शिकवलं होतं तुले!

आणि पुढच्याच मोर्चात तू पुढाऱ्याच्या कचेरीसमोर बिस्किटांचा डबा हलवत उभा! "ओळखा, साहेबांनी आपल्यासाठी काय ठेवलं?" "तांदूळ!" "नाही." "औषधं!" "नाही." झाकण काढलं तर आत काहीच नाही. काय हशा पिकला होता! मग मलेही तू पुढं ओढलं आणि मी भुलाबाईचं गाणं म्हटलं. खोटं कशाले बोलू, फार मजा आली होती मले.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो बाबांपर्यंत पोचला. भाजीबाजारातूनच फोन केला त्यांनी. "डॉक्टर व्हाले गेली का मोर्चे कराले? परत पाठवतीन ना तुले!"

दोन दिवसांनी पोलिसांनी तुले धरून नेलं. मग ते कॉलेजात आले, तुझा फोटो दाखवला आणि विचारलं, "याले ओळखतेस?"

मी नाही म्हटलं, दादा. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नाहीच म्हटलं. ज्याच्या घरचं तीन वर्षं जेवली, त्याले!

तू सुटून आला, तरी मी खानावळीकडे फिरकली नाही. शेवटची परीक्षा दिली आणि न भेटता विमानात बसली. तुझी छाती तेव्हापासून बिघडली होती, हे मले काल समजलं. डॉक्टर म्हणवते मी स्वतःले!

आणखी एक सांगतलं वहिनीनं, मोठ्या कौतुकानं. "चौकीत त्याच्यापुढं तुझा फोटो ठेवला होता. विचारलं, ही परदेशी पोरगी कोण? मार खाल्ला, पण ओळखत नाही म्हणाला. तुझी परीक्षा होती ना! तू नंतर आली नाहीस तेव्हा म्हणाला, पोरगी शहाणी आहे, असंच दूर राहायले पायजे."

काहून रे दादा असा वागला? एक शिवी तरी तू मले घालायची होती! फोनवर वहिनी रडत होती आणि मी खरं न सांगताच फोन ठेवून दिला.

उद्या मी तिले फोन करणार आहे. मी काय बोलली होती ते सगळं सांगणार. तिनं माझं तोंड पाहू नये असं ठरवलं तरी ऐकून घेईन. आणि यापुढं कोणीही, कुठंही तुझा फोटो दाखवून विचारलं, तर सांगीन, हा माझा भाऊ.

तुले नाही म्हणणारी,
कल्पना