मास्तरांना नाही कसं म्हणायचं

सौ. धाकटीस थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? मेहुण्यांचा खोकला थांबला, की अजून त्या निमित्ताने चहा उकळून घेतात? इकडे सगळे खुशाल. मी तर जरा जास्तच, कारण या वयात मला मास्तर लाभलेत.

सूनबाईच्या शाळेत पाटीएवढे टॅब आलेत. त्यात एआय म्हणून मास्तर आहेत (आत कुणी बसलेलं नाही, मी मागून पाहिलं). सूनबाई एक घरी घेऊन आली आणि तोंड पाडून बसली. म्हणाली, "आई, आता हेच शिकवणार. मी नुसत्या वर्गात फेऱ्या मारायच्या." म्हटलं, बघू तरी. काय सांगू धाकटे, आवाज कसा सायीसारखा. तेच तेच विचारलं तरी कपाळाला आठी नाही (कपाळच नाही म्हणा). आपल्या गुरुजींना दुसऱ्यांदा विचारायची छाती होती का आपली?

मला वजाबाकी शिकवली. वरच्या आकड्याला कमी पडलं की शेजारच्याकडून उसनं आणायचं, आणि परत द्यायचं नावच नाही. मला काही ते पटेना. पण दर वेळी अदबीने विचारायचे, "समजलं का आजी?" इतकं जीव तोडून शिकवणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणायची. गणित घालू का म्हणाले, की म्हणायची, राहू द्या, पुढचं सांगा. असं करत भागाकाराला पोचले की गं मी.

सूनबाईला कौतुकाने सांगायला गेले. तिने टॅबकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, "आई, तुमचं वजाबाकीतच अडलंय ना?" मी गारच पडले. मास्तरांना सगळ्या जगाचं ठाऊक, आणि हिला माझ्या एका भुवईवरून कळलं. "वर्गातली मुलंही अशाच माना डोलावतात," ती म्हणाली. मग म्हणाली, "शिकवू दे त्यांना. मी तोंडं बघेन." लगेच बटणांचा डबा उपडा करून मला वजाबाकी शिकवायला बसली. कितीतरी दिवसांनी तिला अशी हसताना पाहिली. मला तर त्या मास्तरांचंही नवल आणि हिचंही.

तुझी,
ताई

ता. क. शेवटी तिनेही विचारलं, "आता समजलं?" चेहरा इतका फुलला होता तिचा, की मी हो म्हणाले. आनंदाच्या भरात तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

ता. क. तू चौथी शिकलेली आहेस. चार दिवस राहायला ये आणि ती शाळेत गेली की मला वजाबाकी सांग. फक्त, समजलं का, असं विचारू नकोस.