थोरली, मधली, धाकटी

आंबोली, रविवार

प्रिय निलेश,

पाकिटावर माझं नाव लिहिलेलं नाही. मुद्दामच. नाव वाचून तू ते फोडलं नसतंस. मी रॉयडन. आंबोलीला धबधब्याच्या अलीकडे एक भज्यांची टपरी आहे, तिथे दोन महिने कांदा चिरतोय. त्याआधी कोल्हापुरात टायरच्या दुकानात होतो, त्याआधी कारवारला एका ट्रॉलरवर, आणि मध्ये कुठे कुठे होतो ते मलाही सलग सांगता येणार नाही. इथे धुकं असं आहे की कागद हातात घेतला की पापडासारखा मऊ पडतो. तिसरा कागद आहे हा. पहिल्या दोन्हींवर मी फक्त तुझी तब्येत विचारली आणि फाडले. मला तब्येतीबद्दल लिहायचंच नाहीये. चार वर्षं तू भेटेल त्याला सांगत आलायस की खाणीच्या वळणावर ब्रेक मारायला तुला उशीर झाला आणि म्हणून गाडी गेली. त्यावर मला बोलायचंय. पण मला सरळ जाता येत नाही हे तुला माहीत आहे, थोडा वळसा घेऊ दे.

तुला तो व्हिडिओ आठवतो? परदेशातली ती लाल दोनदारी गाडी, एकच गाडी दोन प्रकारांत. इंजिन तेच, ताकद तीच, पण दुसऱ्या प्रकारातून कंपनीने एसी काढला, मागची सीट काढली, काचा पातळ केल्या, दार उघडायला हँडलऐवजी कापडी पट्टा लावला. सव्वाशे किलो कमी, आणि शून्य ते शंभरला सेकंदभर आधी. तू तुझ्या गॅरेजच्या पायरीवर बसून तो दहा वेळा पाहिलास आणि म्हणालास, "बघ रे, सामान कमी घालून पैशे जास्ती घेतत. ह्येका म्हणतत धंदो." मी हसलो, पण तू हसत नव्हतास. तुझी नजर कोपऱ्यातल्या त्या जुन्या दोनदारी सांगाड्यावर होती. वास्कोच्या भंगारातून आणलेला, कोंबड्या अंडी घालायच्या त्यात.

आपली गाडी त्यातनं झाली. पत्रा कुजला होता म्हणून अंग फायबरचं करायचं ठरलं, आणि फायबर म्हणजे मी. नववीत शाळा सुटल्यावर मी देवबागला होड्यांच्या शेडमध्येच तर वाढलो. पहिलं अंग मी होडीसारखंच केलं, पाच थर. तू बोटाने टकटक करून म्हणालास, "समुद्रात घालूची आसा काय?" ती थोरली. नाव तूच ठेवलंस. नऊशे एकतीस किलो, सड्याच्या कातळमाळावरच्या सरळ रस्त्यावर शंभरला बारा सेकंद. मग तीन थरांचं अंग केलं, मागची काच काढून प्लास्टिक लावलं, सीट एकच ठेवली. ती मधली, आठशे बासष्ट. साडेदहा सेकंद. इंजिनाला तू हात लावला नव्हतास. नुसतं वजन उतरलं आणि तीच गाडी वळणाला वेगळी बोलायला लागली. थोरली वळणात शिरताना आधी विचार करायची आणि मग वळायची. मधली तुझ्या मनात आलं की वळायची. हे तुझेच शब्द. असं बोलताना तू गाडीवाला वाटायचा नाहीस.

मला सगळ्यात आवडायचं ते वजन करणं. चिऱ्यांचे ट्रक तोलायच्या काट्यावर आकडा दहा-दहा किलोंनी उडी मारायचा, म्हणून आपण बाबलीच्या काजूच्या फॅक्टरीत जायचो. चार चाकांखाली काजूचे चार काटे. पुढच्या उजव्याला तुझी बहीण अक्षया, डाव्याला मी, मागच्या दोन्हींना बाबली आणि त्याच्याकडची एक बाई, आणि तू आत स्टिअरिंगला, कारण हट्ट असा की चालवणाऱ्यासकटही बघायचं. अक्षया ओरडायची, "पुढचो उजवो दोनशे एकोणीस!" बाबली म्हणायचा, "निलेशा, तू भायर ये रे, आकडो आपोआप कमी होतलो." अक्षयाच सगळ्यांत मोठ्याने हसायची. काजूच्या टरफलांच्या तेलाने माझे तळवे दोन दिवस सोलायचे. तरी मी पहिला हजर असायचो. मी कुठेच टिकत नाही, निलेश, पण त्या फॅक्टरीच्या ओट्यावर मला वाटायचं की आपण इथेच राहावं.

मग धाकटी. कोल्हापूरकडच्या स्पर्धेत आठशे किलोच्या आतला वेगळा गट होता, आणि त्या गटात घाटावरच्या गाड्यांपुढे आपली चालली असती. तू म्हणालास, "आठशेच्या खाली हाड, मगे बघ." वजन आठशेच्या खाली आणायचं काम मला दिलंस. मी दोन थरांवर आलो, दारांच्या आतलं सगळं खरवडलं, बॅटरी छोटी घातली. काट्यावर आठशे पाच. आठ दिवस आठशे पाच. तू चिडला नाहीस, उलट म्हणालास, राहू दे, वरच्या गटात उतरू. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या डोक्यांना बांधून ठेवणारा तो आडवा लोखंडी पाईप तुला आठवत असेल. तूच वेल्ड केला होतास. प्लेटांसकट आठ किलो. माझी नजर त्यावर होती. होडीत बसायला आडवी फळी असते ना, ती नुसती बसायला नसते, होडीच्या दोन्ही कडा तीच धरून ठेवते. लाटांत वर्षानुवर्षं धरते. मला वाटलं, हेच तर काम आहे. मी सागाची पट्टी घेतली, तीवर फायबर गुंडाळलं, घासलं, तुझ्या पाईपच्याच करड्या रंगात रंगवलं. एक किलो वजन. तू दुपारी जेवून घरी आडवा झाला होतास तेव्हा बदलली. संध्याकाळी काट्यावर सातशे अठ्ठ्याण्णव आलं आणि तू मला उचललंस. खरंच उचललंस, माझे पाय जमिनीवर नव्हते. विचारलंस, "खंयसून काढलंस रे सात किलो?" मी म्हणालो, हयसून थोडा, थयसून थोडा. तू एवढा खूश होतास की पुढे विचारलं नाहीस.

होडीला पाणी चहूबाजूंनी दाबतं. गाडीला मार एकाच बोल्टच्या भोकावर बसतो. एवढं साधं. ट्रॉलरवर असताना एका संध्याकाळी जाळं आवरताना हे डोक्यात आलं. तेव्हा माझा हात थांबला, आणि ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाने शिवी घातली.

त्या सकाळी बंद खाणीच्या रस्त्यावर मी वळणाच्या बऱ्याच आधी घड्याळ घेऊन उभा होतो. चुना लावलेला चिरा तू ब्रेकची खूण म्हणून ठेवला होतास. आता नीट वाच. तुझ्या गाडीचा मागचा ब्रेकचा लाल दिवा त्या चिऱ्याशीच पेटला. अलीकडे नाही, पलीकडे नाही. रोजच्या जागी. मी बघितला. मग काडकन आवाज झाला, पुढचं डावं चाक आत कललं आणि गाडी वळलीच नाही, सरळ खाणीच्या भिंतीवर गेली. तू स्टिअरिंग पूर्ण फिरवलं होतंस. मी धावत आलो तेव्हाही ते फिरवलेलंच होतं. तुझा पाय अडकला होता, तू मला म्हणालास, "चूक माझी रे. ब्रेक मारूक उशीर झालो माका." आणि मी काय म्हणालो? बोलू नकोस, म्हणालो. म्हणजे मी तुला गप्प केलं आणि स्वतः गप्प राहिलो.

बाबली तुला घेऊन कुडाळच्या हॉस्पिटलात गेला. मी गाडीपाशी थांबतो म्हणालो. सगळ्यांना वाटलं केवढा जिवाचा मित्र. ती पट्टी भोकापाशी फाटली होती, आतला साग पांढरा दिसत होता. मी दोन्ही तुकडे काढले आणि खाणीत साचलेल्या पाण्यात टाकले. साग तरंगतो, पण त्यावर एवढं फायबर होतं, बुडाले. तू प्लास्टरमध्ये होतास ते तीन महिने मी डबा घेऊन येत होतो. बोलायचं म्हणून यायचो आणि कालवण कसं झालंय विचारून परत जायचो. प्रत्येक भेटीत तू एखाद्या नव्या माणसाला तीच गोष्ट सांगत असायचास, आणि दरवेळी तुझा उशीर वाढत जायचा. आधी जरासा, मग अर्धा सेकंद, मग "मी तेव्हा दुसराच कायतरी विचार करी होतंय." मी ऐकलं. मग काठीने चालायला लागलास, आणि मी गाव सोडलं. तुझ्या आणि संचिताच्या लग्नाला बोलावलंस तेव्हाही आलो नाही. जाळ्यात अडकलो होतो असं कळवलं. दोन दिवसांची सुट्टी होती मला.

परवा कोल्हापूरची यष्टी टपरीसमोर थांबली आणि अक्षया उतरली. मी कढईमागे लपायला बघत होतो तोवर तिने पकडलं. "खंय होतंस रे मेल्या? जिता आसस तर फोन तरी करूचो होतोस." भजी खाल्ली, पैसे दिले नाहीत, आणि यष्टीने हॉर्न मारेपर्यंत तुझ्याबद्दल बोलली. तुला मुलगी झाली. रिया. तीन महिन्यांची. दारात सासऱ्याने दिलेली गाडी उभी आहे आणि तू तिच्या किल्लीला हात लावत नाहीस. रियाच्या लशीच्या मागच्या डोसला संचिता बाळ पोटाशी धरून यष्टीत उभी होती, तू बॅग घेऊन मागे. अक्षया म्हणाली, "दादा म्हणता, माझ्या हातार भरवसो नाय, रियाक घेवन तर नायच नाय." आणि मग यष्टी गेली. मला फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच म्हणाला असतास की जाऊ दे रे, झालं ते झालं, आणि मी ते जाऊ दिलं असतं. म्हणून लिहिलं. पुढचा डोस बुधवारी आहे. पत्र पोस्टात टाकत नाही, उद्या सकाळच्या सावंतवाडीच्या यष्टीच्या कंडक्टरकडे देतोय, तो पुढे कुडाळच्या गाडीत देईल, म्हणजे दुपारपर्यंत तुझ्या हातात. गुरुवारी मी येतो. बाबली आणि अक्षयासमोर हेच सगळं तोंडाने सांगतो, मग तू मारलंस तरी चालेल, दार लावून घेतलंस तरी चालेल. माफ कर असं लिहिणार नाही, तेवढं तोंड नाही मला. फक्त बुधवारी रियाला संचिताच्या मांडीवर दे, तिला शेजारी बसव आणि गाडी तू चालव. तुझ्या हातांना त्या दिवशीही उशीर झाला नव्हता.

तुझा अजून म्हणता आलं तर तुझाच,
रॉयडन