कोरडं फडकं

९ जानेवारी १९७९, नंदनवन

नाही म्हणजे नाही! उद्या माहेरी जाणारच. भावजयीचे, जयाचे दिवस भरले आहेत आणि मायचा निरोप आला आहे, तू येऊ नको. कारण सांगितलं नाही, मला माहीत आहे. त्याच घरात माझं बाळ गेलं. आता माझी सावली बाळंतिणीवर नको.

हे म्हणाले, "अपमान करून घ्याले काहून जाऊन राहिली मंग?" मी पिशवी भरत राहिले.

मागच्या उन्हाळ्यात, बाळ गेल्यावर, धरमपेठेतल्या डॉक्टरांना भेटले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "पहिल्या दिवशी बाळाला काळी शी झाली होती का? ती व्हायलाच हवी." मी त्याची आई, आणि मला ठाऊक नव्हतं! आमच्याकडे पाचवीपर्यंत बाळाची फडकी बाळंतिणीने बघायची नाहीत. सुईण मागच्या दाराने नेते, धुते. त्याचं पोट फुगलं, हिरवं ओकला, मग तापल्या सळईने पोटावर डागलं. पाचवी पुजायच्या आधीच गेला. कुणाशी बोलत नाही मी हे. इथे लिहिते.

११ जानेवारी

काल पोचले. मायने चहा दिला, जयाच्या खोलीत जाऊ दिलं नाही. अंगणात बसले. बसेन!

१३ जानेवारी

जयाला मुलगा झाला. चांगला रडला. बायजाबाई सुईण फडकी घेऊन मागच्या दाराने निघाली, तशी मी आडवी गेले. "दाखव."

"हे काय पाह्याची गोष्ट हाये का वं? अन् म्हणे मॅट्रिक शिकली!"

शेवटी दाखवलीच. रक्त होतं, पाणी होतं. काळं काही नाही.

१४ जानेवारी

शेजारणी तिळगूळ घेऊन आल्या. माय ऐटीत सांगत होती, "लयच गुणी पोरगं हाये बाप्पा! एक फडकं खराब केलं नाही त्यानं!" सगळ्या हसल्या. मी उठून एकेक फडकं उलगडून पाहिलं, सगळी कोरडी.

संध्याकाळी पोट टरारलं. दूध ओकला. बायजाबाईने एरंडेल काढलं. मी वाटी पालथी केली. सांडलं तर सांडलं!

१५ जानेवारी

सकाळी हिरवं ओकला. तोच रंग — मी विसरेन का? चुलीत सळई ठेवलेली दिसली. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. आज ओरडले.

माय म्हणाली, "तुह्यं गेलं म्हणून आता आमचंबी लेकरू घेऊन चालली काय?"

"हो. जिवंत आहे तोवर घेऊन चालले!"

जयाचा नवरा, माझा धाकटा भाऊ रुपराव, बागेत संत्र्यांच्या तोडणीवर होता. बोलावून आणला तर खाली मान घालून उभा. आत अंथरुणावरून जयाच बोलली, "न्या बाई त्याले. पाह्यतो मी कोण अडवते त!"

आधी रुपरावची मोटरसायकल, मग एसटी. कंडक्टर म्हणाला, "एवढुसं लेकरू! याची माय कुठं हाये?"

"मीच आहे," मी म्हटलं. रुपराव खिडकीबाहेर बघत राहिला.

१६ जानेवारी

काल डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी उत्तर होतं! "नाही झाली. एकेक फडकं मी स्वतः पाहिलं." लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली.

मग खालून बोट घालून तपासलं. बोट काढताच पिचकारी उडाली — वारा आणि शी, थेट रुपरावच्या नव्या पँटवर! डॉक्टर हसले. "पँट धुऊन निघेल. पोट बघा कसं बसलं!" पण लगेच म्हणाले, ते पुन्हा फुगेल. आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच नसा नसतात कधी कधी. मग तो भाग मल पुढे ढकलत नाही. ना नजर, ना आईच्या दुधाचा दोष. अशी लक्षणं दुसऱ्या कारणांनीही होतात, म्हणून खालून औषध घालून एक्सरे काढायचा आणि आतड्याचा बारीक तुकडा तपासायचा.

माझ्या बाळालाही हेच होतं का, असं विचारलं. "असू शकतं. एका घरात दोघांना होतं कधी कधी. पण न बघता कसं सांगू?"

म्हणजे ते आता कळायचं नाही. कधीच.

२० जानेवारी

तुकड्याचा निकाल आला. नसा नाहीत. उद्या पोटावर शौचाची वाट काढणार. थोडा मोठा झाला की खालचा तो भाग काढायचं ऑपरेशन.

मायचा निरोप: पोटाले भोक पाडलेलं पोरगं या घरात नको. उलट निरोप धाडला — नका घेऊ. माझ्याकडे नंदनवनात राहील!

२३ जानेवारी

पोटावरच्या वाटेने शी झाली! जया कालच गावाहून आली होती; ती आणि मी वेड्यासारख्या हसत सुटलो. नर्स रागावली. फडकं मी धुतलं. कुणाला हात लावू दिला नाही.

८ एप्रिल

माय आली. बाळाकडे पाठ करून बसली. जया फडकं बदलत होती तेव्हा मात्र मान वळवून बघत राहिली. तो खदखदून हसला तिच्याकडे बघून, लबाड!

निघताना चपला घालत मायने विचारलं, "तो डागदर पहिले काय विचारते म्हणे?" सांगितलं. ऐकलं आणि एसटी धरायला गेली.

१९ मे

दुपारी दार वाजलं. माय. पदराखाली गावातल्या शेजारच्या नत्थूच्या नातवाला धरलेलं, मागे त्याचा बाप घामाघूम. आत पाऊल न टाकता म्हणाली, "काल सकाळचा हाये. फडकं कोरडंच हाये, म्या सोता पाह्यलं. डागू नाही देल्लं कोणाले. चाल लवकर, चप्पल घाल."

तीच निघाली पुढे.